शिबिरानंतरचं काम

दिंडोरी, जि. नाशिक

चि. चिऊ,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा आराखडाही वाचला. परीक्षा आटोपल्या आटोपल्या तुम्ही आठ जणांनी मिळून कॉलेजमागच्या वस्तीत कायद्याचं काम सुरू करायचं ठरवलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. आजोबांना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

तू सल्ला मागितला आहेस, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. आराखड्यात सहा महिन्यांत पाच शिबिरं आहेत. महिलांचे हक्क, ग्राहकांचे हक्क, सायबर गुन्हे, ज्येष्ठ नागरिक, मोफत कायदेशीर मदत. प्रत्येकाला पाहुणे, बॅनर, चहा आणि शेवटी प्रमाणपत्रं. यातली चार रद्द करा. एक ठेवा, तेही लहान, लोकांशी तोंडओळख होण्यापुरतं. वाचलेले पैसे झेरॉक्स, नकलांची फी आणि बसच्या तिकिटांसाठी बाजूला काढा. वाचलेला वेळ एकेका माणसाचं एकेक काम हाती घेऊन ते शेवटाला नेण्यात घाला. मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं पत्र त्याच्याच पोटातलं आहे.

असं का म्हणते ते ऐक. आमच्या तालुक्यात एक विधवा बाई आहे. नवरा धाकटा, दीर थोरला. जमीन सासऱ्याची. सासरे वारले तेव्हा उताऱ्यावर फक्त थोरल्याचं नाव लागलं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून घरातल्या एकाचंच नाव लावायची ती जुनी पद्धत, तू अजून पाहिली नसशील. भाऊभाऊ जिवंत होते तोवर कोणाचं काही बिघडलं नाही. मग धाकटा गेला, मागोमाग थोरलाही गेला, आणि वारस म्हणून थोरल्याच्या मुलांची नावं लागली. तोवर ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरंही गळून पडली होती. जमीन कसत होती ही बाई, पण उताऱ्यावर ती नव्हतीच. त्यामुळे सोसायटीचं पीककर्ज तिला मिळेना, गारपिटीचे पंचनामे झाले तेव्हा भरपाई पुतण्यांच्या खात्यावर गेली.

या बाईने महिलांच्या हक्कांवरची दोन शिबिरं ऐकली होती. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “बाईचा हक्क असतो हे मला पाठ झालंय वकीलबाई. माझा कागद कुठाय, ते कोणी सांगत नाही.”

तिचा कागद शोधला तो तालुक्याच्या कॉलेजात कायदा शिकणाऱ्या एका मुलाने. त्याने आजच्या सातबाऱ्यापासून मागे जायला सुरुवात केली. नावापुढे फेरफार क्रमांक असतो, त्या फेरफाराची नक्कल काढायची, त्यात आधीच्या नोंदीचा उल्लेख मिळाला की ती काढायची. कुठल्या नावाला कधी कंस झाला, म्हणजे ते कधी कमी झालं, कोणाच्या अर्जावरून झालं, हे असं एक एक पायरी उतरत जाऊन कळतं. जुने फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बस्त्यात बांधलेले, काहींच्या कडा झडलेल्या. शेवटी सासऱ्यांच्या मृत्यूनंतरची नोंद सापडली. दोन्ही मुलगे वारस असल्याचं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि त्याखाली थोरल्याचं नाव मॅनेजर म्हणून लावावं असं. सगळं प्रकरण त्या एका पानावर उभं राहिलं.

मग अर्ज झाला, नोटिसा निघाल्या, पुतण्यांनी हरकत घेतली. तक्रारी नोंद झाली म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आली, तिथून प्रांतांकडे अपील आलं. दरम्यान तो मुलगा पास होऊन नाशिकला निघून गेला. जाण्याआधी त्याने सगळं काम मागच्या वर्गातल्या एका मुलीच्या हाती दिलं. बाईला तिच्याशेजारी बसवून दिलं, वही दिली, पुढची तारीख दिली. पहिल्या अर्जापासून नाव लागेपर्यंत दोन वर्षं गेली. त्यानंतर पुतण्यांनाही भांडण नको झालं आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांसमोर संमतीने वाटप झालं. आज पीककर्ज तिच्या नावावर मिळतं.

यात माझं, म्हणजे सनदधारक वकिलाचं, काम किती होतं? कागद तपासणं, अर्ज दुरुस्त करणं, सुनावणीला उभं राहणं. बाकीचं सगळं पायपीट आणि चिकाटी, ते त्या दोन विद्यार्थ्यांनी केलं. तालुक्याच्या वकिलाकडे रेकॉर्ड रूमसाठी दिवसच्या दिवस नसतात. बाईकडे पैसे नसतात. हे काम विद्यार्थ्यांनी केलं नाही तर ते कोणीच करत नाही, आणि बाईच्या घरी पिढ्यान् पिढ्या तसंच पडून राहतं.

महाडच्या परिषदेचं आणि तळ्याच्या सत्याग्रहाचं तू शाळेपासून ऐकत आली आहेस. २० मार्च १९२७ ही तारीख महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही माहीत असते. पण त्यानंतरचा दावा तू कायद्याची विद्यार्थिनी म्हणून नीट वाच. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आणि तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी हुकूम मानला, सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढायला घेतला. तळं कोणाच्या मालकीचं? अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट पुरातन आहे हे सिद्ध होतं का? असल्या प्रश्नांवर साक्षीपुरावे झाले, नगरपालिकेचे कागद पुढे आले. महाडला १९३१ मध्ये निकाल, त्यावर ठाण्याला अपील, तिथला निकाल १९३३ मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षं. ती परिषद होती म्हणून दावा घडला हे खरंच. पण तळं कोर्टातही खुलं झालं ते दहा वर्षं कोणीतरी तारखा धरून ठेवल्या म्हणून. मला तुमच्यात ही दुसरी सवय यायला हवी आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. वस्तीतली एकच जागा धर, समाजमंदिर असो वा अंगणवाडीची ओसरी, आणि आठवड्याचा एकच वार. लोक कामावरून परततात ती वेळ घे. दुपारी बसलात तर तुमच्याकडे फक्त म्हातारी माणसं येतील. सुरुवातीला दोन-तीन आठवडे कोणीही येणार नाही. तरी बसायचं. तुम्ही खरंच दर आठवड्याला येता हे लोकांना दिसलं की चौथ्या-पाचव्या वेळी कोणीतरी प्लास्टिकची पिशवी घेऊन येईल.

ती पिशवी कशी उघडायची हे तुला कॉलेजात शिकवणार नाहीत, म्हणून लिहिते. आधी माणसाचं बोलणं पुरतं ऐकून घे. मधे तोडू नकोस, कलम सांगू नकोस. मग त्याच्या समोरच, त्याच्या परवानगीने, कागद जमिनीवर किंवा टेबलावर मांड. वीजबिलं, लग्नाची पत्रिका, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कोर्टाची नोटीस, सगळं एकत्र असतं. काहीही टाकून देऊ नकोस. लग्नाची पत्रिकाच उद्या पोटगीच्या अर्जात पुरावा होते. तारखेप्रमाणे लाव, जुना खाली, नवा वर. मूळ कागद आणि झेरॉक्स वेगळे कर. प्रत्येक कागदाच्या मागची बाजू बघ, कारण तारीख दिल्याचा शेरा, पोच, शिक्का बऱ्याचदा मागे असतो. मग सगळ्यांत नव्या कागदावरची मुदत शोध. नोटिशीला उत्तर कधीपर्यंत, हजर राहायचं कधी, अपिलाची मुदत किती उरली? दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात. निकालाची नक्कल मिळायला लागणारा वेळ त्यातून वजा होतो खरा, पण नकलेचा अर्ज मुदतीत केला असेल तरच त्याचा उपयोग. गरीब माणसाची बाजू खरी असूनही तो हरतो तो बहुतेक वेळा इथे, मुदतीत. तुझी पहिली नजर नेहमी तिथेच गेली पाहिजे.

मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवून घेऊ नकोस. त्याच दिवशी, त्याच हातात परत. झेरॉक्स काढायला जायचं असेल तर माणसाला बरोबर घेऊन जा. एजंटांनी या वस्त्यांमध्ये लोकांचे कागद अडकवून ठेवून पैसे उकळले आहेत. तुमच्याबद्दल तशी शंकासुद्धा कोणाच्या मनात यायला नको.

आणि वही. आठ जणांत एकच वही, फोनमध्ये नाही, कागदाची. कोण आलं, काय मागितलं, कोणते कागद पाहिले, आपण काय करू म्हणालो, पुढची तारीख कोणती, जबाबदारी कोणाची. काम संपलं की तिथे ‘संपलं’ लिहायचं आणि कसं संपलं तेही लिहायचं. तुमची परीक्षा, सुट्ट्या, गावाला जाणं हे सगळं येणारच आहे. ते लोकांना आधी सांगून ठेवा: मे महिन्यात आम्ही नसू, तोवर तुमचं काम अमुक जण बघेल. तिसऱ्या वर्षाला गेलात की दुसऱ्या वर्षातल्या पोरांना बरोबर बसवायला लागा. विद्यार्थ्यांच्या कामाचं सगळ्यांत मोठं नुकसान विद्यार्थी पास होऊन निघून जाण्याने होतं, आणि ते नुकसान वस्तीच्या वाट्याला येतं. म्हणून एका वेळी आठ जणांना झेपतील तेवढीच कामं घ्या. नववं काम आलं तर ‘आम्हाला जमणार नाही, पण तुम्हाला योग्य ठिकाणी पोचवतो’ म्हणायला संकोच करू नका.

योग्य ठिकाण कोणतं? वस्तीत पाय ठेवण्याआधी तुमच्या जिल्हा न्यायालयात जा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा. कॉलेजचं पत्र बरोबर न्या. हे केल्याशिवाय सुरुवात करू नका असं मी आग्रहाने सांगते. मोफत कायदेशीर मदत हा कोणाचा उपकार नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आलं, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला यंत्रणा मिळाली. त्या कायद्याचं कलम १२ पाठ कर. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, वेठबिगारीत किंवा मानवी व्यापारात सापडलेली माणसं, आपत्तीत होरपळलेली माणसं, या सगळ्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाई असेल तर तिचं उत्पन्न विचारायचा प्रश्नच नाही. हे वस्तीत कोणालाही माहीत नसतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, ज्यांना त्या दाखल्याची गरजच नव्हती. त्याच कायद्यात कॉलेजांमधल्या विधी सेवा केंद्रांचीही तरतूद आहे. तेव्हा तुम्ही प्राधिकरणाकडे उसनवारी करायला जात नसून कायद्याने ठेवलेल्या जागेवर बसायला जाता आहात. तिथे तुम्हाला पॅनलवरचे वकील मिळतील. १५१०० हा मदतीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून वस्तीत लावा. शिबिराच्या बॅनरपेक्षा तो जास्त दिवस कामाला येईल.

वकील बरोबर असण्याचं दुसरंही कारण आहे. अधिवक्ता कायद्याप्रमाणे तुला कोर्टात उभं राहता येत नाही, हे तुला माहीत आहे. पण वस्तीतल्या माणसाला ते माहीत नसतं. तो तुला ‘वकीलबाई’ म्हणायला लागेल. प्रत्येक वेळी, न कंटाळता, सांगायचं की मी विद्यार्थिनी आहे. शिवाय वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने गुप्त राहते, आणि ते संरक्षण वकिलाकडे काम करणाऱ्या कारकुनालाही लागू होतं. तू एकटीने, कोणाच्याही देखरेखीशिवाय ऐकलेल्या गोष्टीला ते कवच नाही. उद्या तुला साक्षीला बोलावलं तर तुला उत्तर द्यावं लागेल. म्हणून फौजदारी प्रकरणातल्या माणसाला ‘काय घडलं ते मला सगळं सांगा’ असं तू म्हणायचं नाहीस. त्याला वकिलासमोर बसव आणि तिथे सांगू दे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुझ्या कानावर आलं, तर तिथे गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असलेल्या कोणीही ती पोलिसांना द्यावीच लागते, न देणं हा गुन्हा आहे. घरचे म्हणतील, बोभाटा नको. तुझं मनही कचरेल. त्या क्षणी एकटीने निर्णय घेऊ नकोस, पण उशीरही करू नकोस. प्राधिकरणाच्या सचिवांना तत्काळ फोन कर आणि त्याच दिवशी पोलिसांकडे माहिती गेली याची खात्री कर. आणि या मुलाचं किंवा कुठल्याही पीडितेचं नाव, गल्ली, शाळा तुमच्या ग्रुपवरसुद्धा जाता कामा नये. फोटोंबद्दल तर मी कडक सांगते: मदत घ्यायला आलेल्या माणसाचा फोटो काढायचाच नाही. कॉलेजच्या अहवालाला फोटो लागतो म्हणतात. रिकाम्या टेबलाचा द्या.

घरातल्या मारहाणीच्या तक्रारी सगळ्यांत जास्त येतील. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आम्हा वकिलांपेक्षा तुमच्यासारख्यांच्या जास्त उपयोगी आहे असं मला वाटतं. कलम १२ खालचा अर्ज बाई स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथून मनमानीने बाहेर काढता येत नाही. आदेशाची प्रत तिला फुकट मिळाली पाहिजे. हे साठ दिवस प्रत्यक्षात किती लांबतात ते तू बघशीलच, पण कायदा काय म्हणतो ते हातात असलं की तारखेला विनंती करता येते. मात्र बाईने काय करावं हे तू ठरवायचं नाहीस. ती परत नांदायला जायचं म्हणेल, तुला राग येईल. तिच्यासमोर असलेले सगळे मार्ग, प्रत्येकाला लागणारा वेळ आणि प्रत्येकातला धोका तिला समजेल असा सांग आणि गप्प बस. ती परत गेली तरी वहीतलं तिचं पान मिटवू नकोस. सहा महिन्यांनी ती पुन्हा येते, आणि त्या वेळी तुझी जुनी नोंद, तारखेसकट, तिच्या कामाला येते.

लोकअदालतीत तडजोडीला बसणाऱ्या बायकांच्या बाबतीत विशेष जागरूक राहा. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. प्रकरण लवकर मिटतं, कोर्ट फी परत मिळते, हे सगळं चांगलं आहे, आणि मी स्वतः कितीतरी प्रकरणं तिथे आनंदाने मिटवली आहेत. पण सही करण्याआधी मजकूर तिला शब्दशः वाचून दाखवला गेला पाहिजे, आणि तिने तो स्वतःच्या शब्दांत परत सांगितला पाहिजे. हे वाचून दाखवण्याचं काम तुम्ही घ्या. हक्कसोडपत्राचंही तसंच. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून देशभर आहे. महाराष्ट्रात तर १९९४ मध्येच आपल्या विधिमंडळाने तो दिला होता. तरी भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीला दुय्यम निबंधकाकडे नेऊन सही घेतात. तिला सोडायचाच असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण आपण काय सोडतो आहोत ते तिला सहीआधी कळलंच पाहिजे.

तुझ्या मैत्रिणीने तुरुंगात काम करायचं म्हटलं आहे. तिथे थेट जाता येत नाही, प्राधिकरणामार्फतच जावं लागतं, पण जावं असं मी म्हणेन. जामीन मंजूर झालेला आणि तरी आत असलेला माणूस तिला तिथे भेटेल. जामीनदार नाही, घरच्यांना कळवलेलं नाही, एवढंच कारण असतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं की जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाला कळवावं. त्यापुढचं काम म्हणजे त्याच्या गावाला फोन लावणं, भाऊ शोधणं, जामीनदाराचे कागद जमवणं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईत हेच करत आला आहे, त्यांची पद्धत समजून घ्या. आणि होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७८ चा निकाल वाचा. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत तुरुंगात फुकट आणि पोच घेऊन मिळाली पाहिजे, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात ठरवून दिलं. एका नकलेवर एवढा निकाल कशाला, असं वाटेल. नक्कल हातात नसलेल्या माणसाला अपील कशाच्या आधारावर करता येणार?

आता तुमच्या तयारीबद्दल थोडं. तुमचं शिक्षण इंग्रजीत झालं आहे आणि इथली तालुका-जिल्हा न्यायालयं मराठीत चालतात. दावा, कैफियत, वकीलपत्र, मुखत्यारपत्र, साठेखत, खरेदीखत हे सगळं मराठीत वाचायची आणि लिहायची सवय लाव. रोज एक जुना अर्ज वाच. माहिती अधिकाराच्या अर्जाने सुरुवात कर, त्याने हात चांगला बसतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. दीडशे शब्दांत नेमका कागद मागायला शिकलीस की निम्मं मसुदालेखन आलं. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नये. अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी आणि आदेशाची प्रत मागावी. उत्तराला तीस दिवस, नंतर पहिलं अपील तीस दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दहा रुपयांचा स्टॅम्पही लागत नाही, कार्डाची प्रत जोडायची.

कचेरीतल्या माणसांशी नीट वाग. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्यावर चार-पाच गावं असतात, आणि नेटवर्क नसलं की दिवस वाया जातो. विद्यार्थी म्हणून तुम्ही आवाज चढवून आलात तर तुम्ही परत जाल, आणि राग त्या बाईच्या अर्जावर निघेल. लेखी अर्ज, पोच, ठरलेल्या दिवशी पुन्हा भेट. तरीही काम अडलं तर लोकसेवा हक्क कायदा आहे, वरिष्ठ आहेत, त्यांच्याकडे लेखी जा. पैसे मागितले गेले तर देऊ नका, माणसालाही देऊ देऊ नका, आणि लगेच तुमच्या वकिलाला सांगा.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवडे इंटर्नशिप करावी लागते. त्यातले काही आठवडे मोठ्या फर्ममध्ये घालवशील तर घालव, मला त्यात काही गैर वाटत नाही. करारनामे नीट लिहिणारी माणसंही हवीत. पण चार आठवडे माझ्याकडे काढ. डिसेंबरात राष्ट्रीय लोकअदालत असते, तिच्या आधीच्या पंधरवड्यात ये. प्रकरणं छाननीला येतात, पक्षकारांना बोलावून बसवावं लागतं, तेव्हा खरं शिकायला मिळतं. पेठ-सुरगाण्याकडच्या काही वनहक्क दाव्यांची अपिलं आहेत, त्यांत गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे आहेत. कायद्याच्या नियमांत असा जबाब पुरावा म्हणून धरला जातो, आणि तो घाईत लिहिलेला असला की दावा फेटाळला जातो. म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत, त्यांच्या गतीने उतरवून घेणारं कोणीतरी मला हवं आहे. तुझं अक्षर सुवाच्य आहे आणि तुला धीर आहे. बरोबर अजून एकीला आणलंस तर वरची खोली रिकामीच आहे.

वहीचा नमुना या पत्रासोबत पाठवते आहे. ‘पुढे काय’ हा रकाना मी मुद्दाम रुंद ठेवला आहे. पहिल्या महिन्यानंतर वहीच्या पानांची झेरॉक्स मला पाठव, नावं झाकून. वाचून कुठे काय राहिलं ते लाल शाईने लिहून परत करते.

आईला आणि बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या